क्षमता बांधणीत या चुका टाळा: हजेरीपत्रक भरते, काम मात्र अडते

वर्धा रोडवरच्या एखाद्या हॉटेलातला वातानुकूलित हॉल, दारातल्या टेबलावर हजेरीपत्रक, प्रत्येकाच्या हाती फाईल, वही आणि पेन, साडेनऊला तर्री-पोहे, अकराच्या चहापर्यंत लांबलेला परिचय आणि तिसऱ्या दिवशी दुपारी प्रवासभत्त्याच्या पावतीवर सही. परदेशी निधीतून होणाऱ्या ‘क्षमता बांधणी’चे, म्हणजे माणसांची आणि संस्थांची काम करण्याची ताकद वाढवण्याच्या खटपटीचे, नागपुरातले रूप बहुधा असे असते. विदर्भातल्या लहानमोठ्या संस्थांसाठी अशी प्रशिक्षणे आखण्यात आणि घेण्यात मी बरीच वर्षे घालवली आहेत. त्यामुळे पुढे लिहिलेल्या चुकांपैकी बहुतेक मी स्वतः केलेल्या आहेत आणि काही तर पुन्हा पुन्हा केलेल्या आहेत.

प्रशिक्षण म्हणजेच क्षमता, असे धरून चालणे

काम होत नाही असे दिसले की आपण सर्वांत आधी माणसाला शिकवायला धावतो. वास्तविक काम अडण्याची कारणे अनेक असतात. माणसाला ते येत नसेल, येत असूनही त्याच्या हाती साधन नसेल, साधन असूनही अधिकार नसेल, किंवा हे सारे असूनही ते काम केल्याने वा न केल्याने त्याला काहीच फरक पडत नसेल. प्रशिक्षणाने यांतले फक्त पहिले कारण दूर होते. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम, म्हणजे यूएनडीपी, क्षमतेचे तीन स्तर मानतो: व्यक्ती, संस्था आणि ही दोन्ही ज्या कायद्यांच्या, नियमांच्या आणि रीतींच्या चौकटीत वावरतात ते भोवताल. आपल्या प्रकल्प आराखड्यांत हे तिन्ही स्तर पहिल्या पानावर असतात. अंदाजपत्रकाच्या पानापर्यंत पोहोचताना फक्त पहिला उरतो, कारण हॉलचे भाडे, जेवण आणि साधनव्यक्तीचे मानधन यांचे दर ठरलेले असतात, पण ग्रामसेवकाशेजारी बसून एखादी अडचण सोडवण्याचा दर कोणत्याच तक्त्यात नसतो.

काही वर्षांपूर्वी काटोल तालुक्यातल्या पाणीपुरवठा समित्यांच्या खजिनदारांना आम्ही हिशेब ठेवण्याचे तीन दिवसांचे प्रशिक्षण दिले होते. रोकडवही, पावतीपुस्तक, महिनाअखेरीस पासबुकाशी ताळमेळ हे सगळे उदाहरणे सोडवून घेतले होते आणि शेवटच्या चाचणीत गुणही चांगले पडले होते. आठ महिन्यांनी त्यांतल्या एका गावी मी गेले, तेव्हा तिथल्या खजिनदार बाईंनी जमेची आणि खर्चाची बाजू न अडखळता सांगितली. रोकडवहीतली शेवटची नोंद मात्र प्रशिक्षणानंतरच्या दुसऱ्या आठवड्यातली होती. पाणीपट्टी त्या नेमाने गोळा करीत होत्या आणि कोणी किती दिले ते कॅलेंडरच्या फाडलेल्या पानांमागे लिहून ठेवत होत्या. “लिहिता मला येते जी मॅडम, पण पुस्तकच माझ्याजवळ नाही,” त्या म्हणाल्या. पावतीपुस्तक आणि रोकडवही ग्रामपंचायतीच्या कपाटात होती, कपाटाची किल्ली ग्रामसेवकाच्या खिशात होती, आणि त्याच्याकडे तीन गावांचा कार्यभार असल्याने तो गुरुवारी येई, त्या वेळी बाई संत्र्याच्या तोडणीला गेलेल्या असत.

ही अडचण सोडवायला चौथ्या दिवसाचे प्रशिक्षण लागत नव्हते. समितीचे दप्तर खजिनदाराकडे राहील असा एका ओळीचा ठराव आणि कुलपाची एक पेटी एवढ्यावर भागणार होते. तेव्हापासून कोणत्याही प्रशिक्षणाची रूपरेषा लिहिण्याआधी, ज्याला शिकवायचे त्याच्या कामाच्या जागी मी एक पूर्ण दिवस बसते आणि त्याचा हात नेमका कुठे थांबतो ते पाहते. या दिवसाचा खर्च बहुतेक देणगीदार मंजूर करतात. मागावा मात्र लागतो.

निधी आधी, शिकणे नंतर

पहिले वर्ष नेमणुका आणि खरेदीत जाते, दुसऱ्या वर्षी कामे एकदम सुरू होतात आणि क्षमता बांधणीच्या शीर्षाखालचा निधी मार्चपूर्वी संपवायचा म्हणून फेब्रुवारीत पाच कार्यशाळा लागोपाठ उरकल्या जातात. हे लक्षण दिसले की समजावे, क्रम उलटा लागला आहे.

क्रम सुलटा असला तर काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. जर्मनीच्या मदतीने, नाबार्डमार्फत राबवलेल्या इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात कामाचे दोन टप्पे केलेले होते आणि पहिल्या टप्प्याचे नावच क्षमता बांधणीचा टप्पा असे होते. अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) वॉटर, म्हणजे वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट, या संस्थेने गावे आणि स्थानिक संस्था तयार करण्याचा मोठा भार उचलला. या टप्प्यात गावाला सबंध पाणलोटाचा निधी मिळत नसे. क्षेत्राचा एक लहान तुकडा गावाने आधी स्वतः हाताळायचा, श्रमदान करायचे, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळून दाखवायची, समांतर चरांची आखणी आणि मोजमाप शिकायचे, मजुरीचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडायचा, आणि हे जमले तरच पूर्ण अंमलबजावणीचा टप्पा सुरू व्हायचा. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती अशी की चुका लहान तुकड्यावर होऊन जात. चर चुकीच्या उतारावर खणला गेला तर पहिल्या पावसात तो फुटे आणि गाव तो पुन्हा खणत असे. तोवर मोठी रक्कम पणाला लागलेली नसे. शिवाय ज्या गावात चराईबंदीच टिकत नाही, त्या गावात पुढचे काम टिकणार नाही, हे सगळ्यांनाच वेळेवर कळे.

आपल्या प्रकल्पात असा टप्पा देणगीदाराने सुचवला नसला, तरी तो घालता येतो. पहिल्या हप्त्यातून एकच लहान काम लोकांच्या हाती पूर्णपणे सोपवावे, अगदी दरपत्रके मागवण्यापासून देयक चुकते करण्यापर्यंत, आणि दुसऱ्या हप्त्याचे नियोजन ते काम संपल्यावर करावे.

मुदतीबद्दलही इथेच लिहायला हवे. आयआयटी कानपूर उभारताना अमेरिकेतल्या नऊ विद्यापीठांनी मिळून 1962 ते 1972 अशी दहा वर्षे साथ दिली, आणि नंतर ती माणसे परत गेली. बचत गटांच्या संघाला दहा वर्षे लागतील असे मी म्हणत नाही, पण अठरा महिन्यांच्या प्रकल्पात ‘संस्था स्वावलंबी होईल’ असे वाक्य लिहिताना माझा हात आता अडखळतो.

खात्याच्या शेजारी दुसरे खाते उभारणे

जिल्हा कार्यालयाच्या एका खोलीत एसी, नवा प्रिंटर आणि करारावरचे चार सल्लागार, आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला ज्या खात्याची क्षमता वाढवायची त्याचा एकटा लिपिक गठ्ठ्यांआड बसलेला, असे दृश्य दिसले तर प्रकल्प वेळेत पूर्ण होईल, पण खाते होते तिथेच राहील. अशा समांतर कक्षांची संख्या 2010पर्यंत दोन तृतीयांशाने घटवावी, असे उद्दिष्ट मदतीच्या परिणामकारकतेविषयीच्या 2005च्या पॅरिस जाहीरनाम्यात देणगीदार आणि मदत घेणारे देश या दोघांनीही मान्य केले होते. तरीही हे कक्ष का उगवतात, हे कळण्यासारखे आहे: अहवाल इंग्रजीत आणि वेळेवर हवा असतो, आणि तो सल्लागार देतो. याहून वाईट म्हणजे दुप्पट पगारावर खात्यातलाच किंवा शेजारच्या लहान संस्थेतलाच कामाचा माणूस उचलला जातो आणि प्रकल्प संपला की तो पुण्या-मुंबईला निघून जातो. सल्लागार नेमणे टाळता येत नसेल, तर त्याने काय करायचे याइतकेच त्याने काय करायचे नाही हेही करारात लिहावे. सहा महिन्यांनंतरचा तिमाही अहवाल लिपिकाने लिहावा आणि सल्लागाराने तो फक्त तपासावा. पहिले दोन अहवाल सदोष होतील, ते तसेच पाठवण्याची देणगीदाराकडून आधीच मुभा घ्यावी. संगणकप्रणालीचा पासवर्ड कोणाकडे आहे, हेही एकदा विचारून पाहावे; उत्तर पुष्कळदा बोलके असते.

कागदावरची संस्था

मॅट अँड्र्यूज, लँट प्रिचेट आणि मायकल वूलकॉक या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे की मदत घेणाऱ्या संस्था पुष्कळदा यशस्वी संस्थांचे बाह्यरूप उचलतात आणि कामाची ताकद मात्र येत नाही. नागपुरात त्याचा नमुना म्हणजे सात कर्मचाऱ्यांच्या संस्थेकडे असलेले साठ पानांचे मनुष्यबळ धोरण, ज्यात दुसऱ्याच एका संस्थेचे नाव एकविसाव्या पानावर चुकून राहून गेलेले असते. दोन पानांचे, पण सगळ्यांनी बसून मराठीत लिहिलेले धोरण चालते.

भाषेवरून आठवले. इंग्रजी मॉड्यूलच्या भाषांतरात हितसंबंधितांना ‘भागधारक’ म्हणण्याची चूक अजूनही सर्रास होते, आणि रामटेकजवळच्या एका बैठकीत एका आजोबांनी शेअर कधी मिळणार असे सरळ विचारले होते. त्याच भागात घरी गोंडी बोलणाऱ्या बायका तीन दिवस मराठी व्याख्याने शांतपणे ऐकतात आणि आपण ती शांतता आकलन म्हणून नोंदवतो. गावातलीच दुभाषी बाई सोबत घ्यावी आणि तिला मानधन द्यावे.

निधी थांबल्यावर काय, हा प्रश्न शेवटच्या तिमाहीसाठी ठेवणे

20 जानेवारी 2025 रोजी अमेरिकेने परदेशी विकास मदत नव्वद दिवसांसाठी थांबवली आणि 1 जुलै 2025पासून यूएसएड या तिथल्या सरकारी मदतसंस्थेमार्फत मदत देणेच बंद झाले. जगभरातल्या कित्येक प्रकल्पांना आवराआवरीलाही वेळ मिळाला नाही. आपल्याकडचा फटका त्याआधीचा आणि वेगळा आहे. परदेशी निधीविषयक कायद्यात सप्टेंबर 2020मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली आणि असा निधी एका संस्थेने दुसरीला देण्यावर बंदी आली. मोठ्या शहरातल्या संस्थेकडून गडचिरोलीतल्या लहान संस्थेकडे पूर्वी जो पैसा झिरपत असे, तो मार्ग बंद झाला. लेखापाल, कार्यालयाचे भाडे, नोंदी ठेवणारा माणूस हे बहुतेक याच 20 टक्क्यांत बसवावे लागते, आणि संस्थेची क्षमता म्हणतात ती बरीचशी तिथेच असते. तेव्हा हा खर्च प्रकल्पाच्या पहिल्या दिवसापासून स्थानिक उत्पन्नाशी जोडायला घ्यावा.

आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या मदतीने महिला आर्थिक विकास महामंडळाने राबवलेल्या तेजस्विनी कार्यक्रमातून उभी राहिलेली लोकसंचलित साधन केंद्रे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. अनेक गावांचे बचत गट एकत्र येऊन केंद्र चालवतात, गट केंद्राला सेवाशुल्क देतात आणि गटांच्या बँक कर्जांसाठी केलेल्या कामाचाही मोबदला केंद्राला मिळतो. सगळी केंद्रे सारखी सक्षम नाहीत. पण जिथे सेवाशुल्क वसूल होते तिथे बायका केंद्राच्या व्यवस्थापकाला जाब विचारतात, कारण पगार आपल्या पैशातून जातो हे त्यांना ठाऊक असते. नाग नदीच्या प्रदूषण नियंत्रणासाठी जपानच्या जायका या सरकारी मदतसंस्थेचे कर्ज आहे. त्यातली सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभी राहिल्यावर रात्रपाळीत पाण्यात हवा सोडणारा ब्लोअर बंद पडला तर तो सुरू करणारा ऑपरेटर कोणाच्या वेतनावर असेल, हा त्याच जातीचा प्रश्न आहे.

चुकीची गोष्ट मोजणे

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या: शिकणाऱ्याची प्रतिक्रिया, त्याला काय आले, कामावर परतल्यावर तो काय वेगळे करतो आणि त्यातून काय निष्पन्न झाले. आपले अभिप्राय अर्ज पहिल्या पायरीवर आणि चाचण्या दुसरीवर थांबतात, कारण तिसरी पायरी हॉलमध्ये दिसत नाही. तिच्यासाठी सहा महिन्यांनी गावात जावे लागते, आणि तोवर प्रकल्प अहवाल गेलेला असतो. उपाय साधा आहे: प्रशिक्षणाच्या खर्चातला काही भाग या भेटीसाठी बांधून ठेवायचा आणि अंतिम अहवालाची तारीख त्यानंतरची मागायची.

भेटीत काय पाहायचे? मी वही मागते आणि अक्षर पाहते. काटोलच्या त्या गावात ठराव झाला, पेटी आली आणि मी वर्षभराने पुन्हा गेले, तेव्हा रोकडवही चालू महिन्यापर्यंत भरलेली होती, मात्र मधल्या दोन महिन्यांच्या नोंदी वेगळ्याच, थोड्या तिरक्या अक्षरात होत्या. मुलीच्या बाळंतपणासाठी बाई सावनेरला गेल्या होत्या. जाण्याआधी चार संध्याकाळी बसून त्यांनी समितीतल्या दुसऱ्या एका सदस्याला ताळमेळ शिकवला होता आणि पेटीची किल्लीही तिच्याकडे दिली होती. ती आमच्या कोणत्याच प्रशिक्षणाला आलेली नव्हती. तिच्या एका महिन्याच्या ताळमेळात अकरा रुपयांचा फरक होता. तो तिने लाल पेनाने गोल करून ठेवला होता, बाई परत आल्यावर विचारायचा म्हणून.