झोत दिसला, पण भाजक पाहिला का?

शर्मिष्ठा तारकासमूहातील ‘कॅसिओपिया ए’ या अतिनवताऱ्याच्या (स्फोट होऊन फुटलेल्या ताऱ्याच्या) अवशेषावर काम सुरू करणाऱ्याला ईशान्येला बाहेर झेपावलेला पदार्थाचा अरुंद झोत पहिल्याच आठवड्यात दिसतो, आणि महिनाभरात, ताऱ्याचा स्फोट याच झोताने घडवला, अशी त्याची खात्रीही होऊन बसते. माझी झाली होती.

झोत खराच आहे. २००४ मध्ये ‘चंद्रा’ या क्ष-किरण अवकाश दुर्बिणीच्या सुमारे दहा लाख सेकंदांच्या निरीक्षणांतून सिलिकॉनच्या प्रकाशाला मॅग्नेशियमच्या प्रकाशाने भागून काढलेल्या चित्रात नैर्ऋत्येचा त्याचा जोडीदारही स्पष्ट झाला. तोच भागाकार मी केला आणि मला वायव्येला तिसरा झोत ‘सापडला’. चार महिने मी त्याच्यामागे होतो. शेवटी मार्गदर्शकांनी एवढेच विचारले, “भाजकात फोटॉन किती आहेत?” भाजक म्हणजे मॅग्नेशियमचा प्रकाश, आणि त्यात प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन, किती हे मी पाहिलेच नव्हते. एका पिक्सेलमध्ये सिलिकॉनचे तीन फोटॉन आणि मॅग्नेशियमचा एक असेल, तर गुणोत्तर तीन येते. शेजारी मॅग्नेशियमचे दोन आले की ते दीडवर उतरते. अवशेषाच्या विरळ कडेला अशा योगायोगांची रांग लागते, त्यावर चित्र गुळगुळीत केले की रांगेचा झोत होतो. म्हणून आधी पार्श्वभूमीचा प्रकाश वजा करावा, पुरेसे फोटॉन जमेपर्यंत शेजारचे पिक्सेल एकत्र करावेत आणि मगच भागाकार करावा. वरिष्ठांकडून मिळालेली तयार संगणकीय स्क्रिप्ट यातले काहीच विचारत नाही. ती वेळ वाचवते, असे म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही.

खऱ्या झोतावरूनही लगेच निष्कर्ष काढू नये. ‘न्यूस्टार’ या क्ष-किरण अवकाश दुर्बिणीने २०१४ मध्ये दाखवलेले टायटॅनियम-४४ हे किरणोत्सारी द्रव्य स्फोटाच्या गाभ्याजवळ तयार होते, पण ते झोतांच्या रेषेत पसरलेले नाही. दिशा बदलत जाणाऱ्या अनेक झोतांनीच तारे फुटतात, असे नोआम सोकर यांच्यासारखे अभ्यासक आग्रहाने मांडतात, तर न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांना स्फोटाचे मुख्य कारण मानणाऱ्यांना कॅसिओपियाचे झोत दुय्यम वाटतात. शिवाय डब्ल्यू-५० हा दुसरा, लांबट अवशेष आहेच. त्याला ताणणारे एसएस-४३३ या त्याच्या मध्यातील जोडताऱ्याचे झोत स्फोटानंतरचे असून प्रकाशाच्या सुमारे २६ टक्के वेगाने आजही निघत आहेत. त्यामुळे केवळ आकारावरून झोत केव्हा सुटला हे ठरत नाही.

पहिल्या वर्षी यातले काहीच उमगले नाही, तरी घाबरण्याचे कारण नाही. दोन्ही पक्षांचे लेख वाचून मीही महिनोन्महिने गोंधळलेलाच होतो. पिक्सेल एकत्र केल्यावर माझा तिसरा झोत नाहीसा झाला. प्रबंधात मात्र गुणोत्तराच्या चित्राशेजारी मी आता भाजकाचे चित्रही छापले आहे, आणि वायव्येला ते जवळजवळ काळेच दिसते.