कॉल येत नाहीत? रेझ्युमेतल्या या चुका टाळा

पुण्यात रेझ्युमे सहसा लिहिला जात नाही, मागून घेतला जातो. रूममेटचा, मावसभावाचा, नाहीतर कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलेला. नाव बदललं, मार्क बदलले, की झालं काम. मग मूळ मालकाचं बाकी सगळं तसंच राहतं: चॅलेंजिंग एन्व्हायर्न्मेंटमध्ये काम करायची इच्छा, हार्ड वर्कर, टीम प्लेयर, आणि तळाशी 'वरील माहिती खरी असल्याचे मी घोषित करतो'. भरतीच्या कामामुळे असे रेझ्युमे रोज नजरेखालून जातात. मुलगा सांगलीचा आणि घोषणेखाली 'ठिकाण: नांदेड' दिसलं की प्रोजेक्ट तरी याचा स्वतःचा आहे का, अशी शंका येतेच.

ते 'ऑब्जेक्टिव्ह' (म्हणजे वरचं इच्छेचं वाक्य) आणि ती घोषणा, दोन्ही खुशाल काढून टाका. सरकारी अर्जात घोषणापत्र लागतं, पण तिथे त्यांचा नमुना असतो. त्याच झटक्यात वडिलांचं नाव, जात, धर्म, वैवाहिक स्थिती, उंची आणि पासपोर्ट नंबरही जाऊ द्या. स्थळ बघायला पाठवायचा कागद वेगळा. आधार आणि पॅनचे नंबर तर चुकूनही नकोत. रेझ्युमे किती कन्सल्टन्सींच्या मेलमधून फिरतो याचा पत्ता लागत नाही. पूर्ण पत्ताही नको, पण नुसतं 'पुणे' लिहूनही भागत नाही. हडपसरला राहून चाकणला पहिल्या शिफ्टला पोचणार कसे, हा प्रश्न समोरच्याला पडतोच. म्हणून भाग लिहा, आणि जागा बदलायची तयारी असेल तर तेही लिहा.

कामाची ओळ

खरी गोची इथे आहे. चाकण, भोसरी, रांजणगाव पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी येणाऱ्या रेझ्युमेत अनुभवाखाली हमखास एकच ओळ असते: 'प्रोडक्शन डिपार्टमेंटमध्ये दोन वर्षांचा अनुभव.' म्हणजे नक्की काय केलं? मशीन चालवलं, पॅकिंग केलं की रजिस्टर भरलं? शॉप फ्लोअरवरच्या इंजिनिअरला हे कळल्याशिवाय तो फोन करायला सांगत नाही. तीच ओळ अशी लिहून बघा (व्हीएमसी म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणारं मिलिंग मशीन, फानुक हा त्याच्या कंट्रोलचा ब्रँड, ऑफसेट म्हणजे टूलच्या मापाचं सेटिंग): 'व्हीएमसी सेटर-कम-ऑपरेटर, फानुक कंट्रोल. ड्रॉइंग वाचून ऑफसेट घेणे, पहिला पीस मायक्रोमीटर आणि बोअर गेजवर तपासून क्वालिटीकडे देणे. तिन्ही शिफ्टमध्ये काम.' यात एकही भारी शब्द नाही, तरी वाचणाऱ्याला माणूस मशीनसमोर उभा दिसतो. कंट्रोल कोणता, मोजमापाची साधनं कोणती, सेटिंग स्वतः करता की तयार सेटिंगवर चालवता, या तीन गोष्टींवर पगारसुद्धा बदलतो. आणि त्याच नेमक्या राहून जातात.

अकाउंट्सवाल्यांचंही तेच. 'टॅली आणि जीएसटीचं ज्ञान' असं सगळेच लिहितात. दर महिन्याला जीएसटीआर-१ आणि ३बी ही जीएसटीची रिटर्न तुम्ही स्वतः भरत होता, की सीएंच्या ऑफिसला डेटा पाठवत होता? दोन्ही कामं प्रामाणिकच आहेत, पण जे केलं तेच लिहा. बँक रिकन्सिलिएशन (बँकेच्या आणि आपल्या नोंदी जुळवणं), टीडीएसचं काम, महिन्याला साधारण किती व्हाउचर हाताखालून जायची, हे लिहिलंत तर मुलाखतीत बोलायला मुद्देही मिळतात.

आयटीच्या फ्रेशरांना एकच सांगणं: कौशल्यांपुढचे तारे काढा. जावा चार तारे, पायथन साडेतीन तारे, हे कुणी मोजलं? त्यापेक्षा चौघांच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये तुमच्या वाट्याला काय आलं ते लिहा. लॉगिनचं पान आणि डेटाबेसची टेबलं तुम्ही केली असतील तर तेवढंच लिहा. 'हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टीम' हे नाव वाचून कुणीही भारावत नाही, ती दर वर्षी शेकड्यांनी तयार होते.

अभ्यासिकेतली वर्षं

सदाशिव पेठेत, नवी पेठेत चार-पाच वर्षं एमपीएससी करून मग नोकरीकडे वळणारी मुलं-मुली पुण्याला नवीन नाहीत. त्यांच्या रेझ्युमेत दोन चुका दिसतात. एक तर ही वर्षं गायब असतात: पदवी २०१८, आणि पुढे थेट कोरी जागा. नाहीतर कुठल्यातरी कन्सल्टन्सीकडून पैसे देऊन अनुभवाचं पत्र आणलेलं असतं.

दुसऱ्या वाटेला जाऊच नका. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर, मागतात, आणि पीएफच्या सर्व्हिस हिस्ट्रीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते. ज्या नोकरीत पीएफ कापलाच गेला नाही तिथे सॅलरी स्लिप आणि बँक स्टेटमेंट मागतात. ऑफर हातात आल्यावर, जुनी नोकरी सोडल्यावर हे उघडकीला आलं तर दोन्हीकडून हात रिकामे.

सरळ लिहा: '२०१८ ते २०२२, राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी.' पूर्व उत्तीर्ण होऊन मुख्य दिली असेल तर वर्षासह लिहा, पण ते शिक्षणाच्या तक्त्यात घालू नका. ती पदवी नव्हे. आणि त्या काळात खर्च भागवायला जे केलं, ते का लपवता? क्लासमध्ये शिकवलं, टेस्ट सिरीजचे पेपर तपासले, अभ्यासिकेची फी आणि हजेरी सांभाळली, डेटा एंट्री केली. लोकांना हे किरकोळ वाटतं. पण बॅक ऑफिस किंवा कस्टमर सपोर्टसाठी माणूस शोधणाऱ्याला याच ओळी कामाच्या वाटतात. बाळंतपण, घरातलं आजारपण यांमुळे पडलेल्या खंडालाही हाच न्याय: एक ओळ, वर्षं, बस. स्पष्टीकरणाचा परिच्छेद नको.

पाठवला, पण कुणी वाचलाच नाही

अर्ज भरपूर करूनही एकही फोन येत नसेल, तर दोष मजकुरात नसून फाइलमध्ये असू शकतो. बऱ्याच कंपन्यांत रेझ्युमे आधी एका सॉफ्टवेअरमध्ये जातो आणि एचआर त्यात शब्द टाकून शोधतात. कॅनव्हावरचा दोन रकान्यांचा रंगीत रेझ्युमे दिसतो झकास, पण त्यातला मजकूर काढताना डावीकडचं उजवीकडे मिसळू शकतं. मोबाइलवर स्कॅन करून केलेली पीडीएफ तर नुसता फोटो असते. घरच्या घरी तपासायचं असेल तर फाइल उघडा, सगळा मजकूर सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. काहीच आलं नाही किंवा फोन नंबर आणि कंपनीचं नाव एकाच ओळीत गुंतलं, तर एका रकान्याचा साधा नमुना घ्या. जाहिरातीत 'बँक रिकन्सिलिएशन' लिहिलेलं असेल आणि ते काम तुम्ही केलेलं असेल, तर तोच शब्द वापरा. न केलेल्या कामाचे शब्द पेरू नका, पहिल्या प्रश्नातच सापडाल.

शाळा, संस्था किंवा वृत्तपत्रासाठी मराठीत रेझ्युमे करणाऱ्यांनी फाँट युनिकोड आहे ना, ते बघावं. कृतिदेवमधली वर्ड फाइल ज्या संगणकावर तो फाँट नाही तिथे अगम्य अक्षरांत उघडते.

नोकरी डॉट कॉमवर रेझ्युमे नवीन आणि प्रोफाइल जुनं, हेही फार दिसतं. तिथे शोधताना नोटीस पिरियड आणि शहर यांचा फिल्टर लावतात. तुम्ही राजीनामा देऊन शेवटचे पंधरा दिवस मोजत असाल आणि प्रोफाइलवर अजून तीन महिने असतील, तर ज्याला लगेच माणूस हवा आहे त्याच्या यादीत तुम्ही येणारच नाही.

आता बारीकसारीक. विद्यापीठाचं नाव प्रमाणपत्रावर आहे तसंच लिहा. २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाचं नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, त्यामुळे जुन्या पदव्यांवर जुनंच नाव आहे. सीजीपीएला सरसकट ९.५ ने गुणू नका. ते सूत्र सीबीएसईच्या दहावीचं होतं. तुमच्या विद्यापीठाने दिलेलं वापरा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर गुणपत्रिकेवरचं नावही द्या. कॉलेजात गंमत म्हणून काढलेला ईमेल आयडी बदला. फाइलला 'न्यू फायनल २' असं नाव ठेवू नका, स्वतःचं नाव आणि पद ठेवा. व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो काढून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि सोबत दोन ओळी लिहा: कोणत्या जागेसाठी, किती अनुभव, कधीपासून रुजू होऊ शकता. नुसतं 'सर, जॉब आहे का?' लिहून खाली फाइल सोडली, तर ती कुठल्या जागेसाठी ठेवायची हे समोरच्यालाही कळत नाही.