मेजर बदलण्याआधी: हवाईहून मेनलँडला निघालेल्यांसाठी

होनोलुलूत आमच्या ओळखीची मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी. त्यातल्या एका घरातली मुलगी या सप्टेंबरात ओरेगनला कॉलेजला निघालीय. तिची आई महिन्याभरात तीनदा माझ्या आईला म्हणाली, "तुमच्या लेकीला सांगा ना, हिला दोन गोष्टी समजावून." दोन गोष्टी आहेतच. त्यातली एक, मेजर म्हणजे पदवीचा मुख्य विषय बदलण्याची, मला एका अख्ख्या टर्मच्या फीला पडली, म्हणून तिचं पाल्हाळ लावणार आहे. अर्ज, डॉर्मचं डिपॉझिट, लसींचे दाखले हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते.

आधी सामान. मी ओरेगनला निघाले तेव्हा साडेपाच तासांचा प्रवास, तोही देशातल्या देशात, म्हणून आईने अंगणातल्या झाडाचा ताजा कढीपत्ता माझ्या बॅगेत भरला. पण हवाईहून मेनलँडला, म्हणजे अमेरिकेच्या मुख्य भूमीला, जाणारं सामान विमानतळावर कृषी खात्याच्या तपासणीतून जातं. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला, त्याच्यासोबत कीड जाते, म्हणून तो तिथेच काढून घेतला. आंबा नि पेरूही जात नाहीत. अननस चालतो. जाड कोट हवाईत शोधत बसू नका, ओरेगनात जुन्या कपड्यांच्या दुकानात घ्या. पोस्टाचा फ्लॅट रेट डबा मात्र आईला आधीच दाखवून ठेवा. हवाईहून पाठवला तरी भाडं तेवढंच. माझ्या डब्यात फुरिकाके (भातावर भुरभुरायचा जपानी मसाला), ली हिंग मुई (खारवलेलं सुकं आलूबुखार) आणि भाजणी एकत्र यायची. सगळ्याला भाजणीचा वास.

राइस कुकर न्याच. डॉर्मचे नियम वाचा. आपोआप बंद होणारा बऱ्याच ठिकाणी चालतो.

पहिल्या आठवड्यात भाषाच अडखळते. आपण चपलेला स्लिपर म्हणतो, हवाईतही आणि सांगलीतही. मी रूममेटला म्हटलं, स्लिपर घालून खाली जाऊन येते, तर तिने माझ्या पायांत मऊ, केसाळ सपाता शोधल्या. ती स्वतः बूट घालून गालिच्यावरून थेट पलंगापर्यंत यायची. मी तीन आठवडे काही बोलले नाही, मग दाराशी एक पायपुसणं टाकलं. तिला समजलं. बिचारी चांगली होती.

"तू हवाईयन का?" हे रोज विचारतील. मी नाही म्हणते. कॅलिफोर्नियात राहणारा तो कॅलिफोर्नियन, तसं हे नाही. हवाईयन म्हणजे कानाका माओली, तिथले मूळ लोक. मी हवाईत वाढलेली, लोकल. विद्यापीठात हवाईच्या मुलांचा क्लब होता, त्यातली हवाईतल्या हिलो गावची मैत्रीण खरी हवाईयन. तिला प्रत्येक पार्टीत कुणीतरी हुला नाच करून दाखव म्हणायचं, आणि ती म्हणायची, "आधी तू तुझ्या आजीचं भजन म्हणून दाखव."

पावसाला घाबरू नका. हिलोत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, ती पोरं ओरेगनच्या रिमझिमीला हसतात. खरा त्रास अंधाराचा. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो, सकाळी पावणेआठला उगवतो. माझे दोन महिने नुसते झोपण्यात गेले आणि मी त्याला आळस समजत राहिले. आळस नव्हता तो. विद्यापीठाच्या दवाखान्यात जा, लाजू नका. रात्री अकराला रडू आलं तरी हिवाळ्यात होनोलुलूत नऊच वाजलेले असतात, आई जागी असते.

आता ती मोठी गोष्ट. वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज, आपण सगळे "वूई" म्हणतो ते. पश्चिमेकडच्या राज्यांचा आपसातला करार, हवाई त्यात आहे. त्यात सामील असलेल्या दुसऱ्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठात तिथल्या रहिवाशाच्या फार तर दीडपट फी लागते. हिशोबापुरतं धरा: रहिवाशाला टर्मचे 4000 डॉलर, तर वूईवाल्याला 6000, आणि वूई नसलेल्या बाहेरच्याला 11-12 हजारसुद्धा. एवढं सगळ्यांना माहीत असतं. मलाही होतं.

मी एवढंच धरून चालले की एकदा मिळालं म्हणजे चारही वर्षं मिळालं. पण कुठल्या मेजरला वूई लागू आहे हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवतं. जिथे आधीच गर्दी, ती मेजर बरेचदा वगळलेली असतात. मी बायोलॉजीत शिरले, दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात जीव डिझाइनकडे ओढला. पोर्टलवर फॉर्म होता. दोन क्लिक, झालं. कसली सूचना नाही, लाल अक्षर नाही. जानेवारीच्या टर्मचं बिल आलं तेव्हा मी वाचनालयात होते. आकडा मला चुकीचा वाटला, म्हणून पान पुन्हा उघडलं. मग तिसऱ्यांदा.

मी विचारलं नव्हतं असं नाही. क्लबातल्या एका सीनियर ताईला विचारलं होतं. "नो वरीज, मीपण बदललं, काही होत नाही." तिचं नवं मेजर वूईच्या यादीत होतं, एवढाच फरक. माझं मत कडक झालंय: सीनियरकडून मुसुबी (भाताची वडी) करायला शिकावी, फी शिकू नये. सल्लागार सरांनी माझे विषय तपासले, सही केली. पैशाकडे बघणं त्यांचं काम नव्हतं, हे मला नंतर कळलं. फी ज्या खिडकीवर भरतात तिथे जायला मला संकोच वाटला. घरात "मोठ्यांना प्रश्न विचारून भंडावू नये", बाहेर "आंटीला उगाच त्रास नको". दोन्हीकडचे संस्कार एकाच दिशेला निघाले.

तेव्हा फॉर्म भरण्याआधी फी आणि आर्थिक मदतीच्या कार्यालयाला ईमेल करा. फोन नको; लेखी उत्तर हवं. विचारा: नवं मेजर वूईत बसतं का? नसेल तर कुठल्या टर्मपासून पूर्ण फी? परत जुन्या मेजरला आले तर वूई परत मिळतं का? किमान गुणांची अट किती, किती वर्षं चालतं? कुणी म्हणेल, वर्षभर राहा, रहिवासी व्हाल. नाही होत. वूईवर काढलेला काळ रहिवासात मोजत नाहीत. हा शॉर्टकट सांगणारी निदान पाच माणसं मला भेटली, त्यातलं एकही स्वतः रहिवासी झालं नव्हतं.

माझं निस्तरलं. एक टर्म पूर्ण फी भरली, कर्ज काढून. मग बायोलॉजीत परतले, डिझाइन मायनर, म्हणजे दुय्यम विषय, म्हणून केलं. वूई परत मिळालं, तेही विनंतीपत्रं लिहून लिहून. सगळीकडे मिळेलच असं नाही. तुमचं मन दुसऱ्याच विषयात असेल तर जरूर बदला, मी अडवत नाही. फक्त आकडा बघून बदला. त्या कर्जाचा हप्ता मी अजून दर महिन्याला भरते.

क्लबात मात्र जा. वसंतातल्या लूआऊसाठी, म्हणजे हवाईयन मेजवानीसाठी, रात्रभर टी नावाच्या झाडाची पानं पुसायला बसलात की हवाईची पिजिन बोली ऐकून कान निवतात. फक्त अभ्यास क्लबाच्या खोलीत नको. ओरेगनची सरकारी विद्यापीठं क्वार्टरवर, म्हणजे दहाएक आठवड्यांच्या छोट्या टर्मवर, चालतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिडटर्म येऊन ठेपते आणि तुम्ही अजून स्थिरावतच असता.

आणि थँक्सगिव्हिंगची नोव्हेंबरातली सुट्टी. चार दिवसांसाठी कुणी हवाईला जात नाही, डॉर्म ओस पडतं. तिथे एकटी थांबू नकोस, माझ्याकडे ये. सोफा आहे, कुकर आहे. चपला दाराशी. कढीपत्ता इथल्या भारतीय दुकानातला, थोडा काळा पडलेला असतो.