परदेशी भागीदाराचे भांडवल कारखान्यात आणताना

अंधेरी, महापे किंवा रबाळे येथे पीसीबी असेंब्ली (सर्किट बोर्डावर सुटे भाग जोडण्याचे काम) अथवा वीजपुरवठ्याची उपकरणे तयार करणाऱ्या मध्यम आकाराच्या कंपनीकडे परदेशी उत्पादकाचा प्रस्ताव आला, की पहिली चर्चा बहुधा किती रक्कम आणि किती टक्के हिस्सा यांवरच होते. माझे मत असे आहे की रकमेचा विषय दुसऱ्या बैठकीसाठी ठेवावा आणि पहिल्या बैठकीत आपल्या अभियंत्यांना कोणते काम शिकायला मिळणार, हे लेखी मागावे.

याचे कारण मुंबईतच आहे. अंधेरी पूर्वेला १९७३ मध्ये सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र, म्हणजे आजचे सीप्झ, प्रथम केवळ इलेक्ट्रॉनिक्ससाठी उभे राहिले. सुटे भाग शुल्काविना आणावेत, जोडावेत आणि माल निर्यात करावा, ही अशा क्षेत्रांची रचना असते. तिच्यात रोजगार मिळतो, पण कुंपणाबाहेरच्या लहान कारखानदाराकडून काही विकत घेण्याची गरज भागीदाराला आपोआप वाटत नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९७ च्या माहिती तंत्रज्ञान करारानुसार भारताने अनेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आणल्यामुळे ही गरज आणखी कमी झाली. केंद्र सरकारने मार्च २०२५ मध्ये सुट्या भागांच्या उत्पादनासाठी २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, ती स्थानिक सुट्या भागांची हीच उणीव भरून काढण्यासाठी.

म्हणून भागधारक करारात चार गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात. सर्किटचे आराखडे आणि चाचणीच्या पद्धती कोणत्या टप्प्यावर हाती येणार. आपले किती अभियंते भागीदाराच्या कारखान्यात प्रशिक्षण घेणार. ट्रान्सफॉर्मर, साचे, केबल यांसारख्या कोणत्या वस्तू किती वर्षांत स्थानिक पुरवठादारांकडून घेतल्या जाणार. आणि आपल्या माणसांनी उत्पादनात केलेल्या सुधारणांची मालकी कोणाची राहणार. चौथा मुद्दा बहुतेक वेळा निसटतो आणि पुढे तोच सर्वांत महाग पडतो. रॉयल्टी, म्हणजे तंत्रज्ञान वापरण्याचा विक्रीवरील मोबदला, द्यायची असेल, तर ती भागीदाराकडूनच घेतलेल्या सुट्या भागांची किंमत वजा करून उरलेल्या विक्रीवर मोजावी. अन्यथा त्याच्याच मालावर त्याला दुहेरी लाभ होतो.

कायद्याची बाजू त्यामानाने सरळ आहे. इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनात स्वयंचलित मार्गाने, म्हणजे सरकारची पूर्वमंजुरी न घेता, १०० टक्के परकीय गुंतवणूक चालते. संरक्षण उपकरणांचे नियम मात्र वेगळे आहेत. भागीदार भारताच्या भूसीमेला लागून असलेल्या देशातील असेल, किंवा त्याची खरी मालकी तेथील व्यक्तीकडे असेल, तर केंद्र सरकारच्या परकीय गुंतवणूक धोरणातील एप्रिल २०२० च्या प्रेस नोट ३ या बदलाप्रमाणे सरकारी मंजुरीचा प्रश्न येतो. सिंगापूर वा हाँगकाँगमधील नोंदणी पाहून समाधान मानू नये. अंतिम मालकांची यादी लेखी मागवावी आणि नियमाचा त्या दिवशी लागू असलेला मजकूर कंपनी सेक्रेटरीकडून तपासून घ्यावा. हाँगकाँग तर चीनचाच भाग असल्याने तेथील गुंतवणूकदाराची विशेष काळजी घ्यावी.

गुंतवणूक समभागांत, अथवा पूर्णपणे आणि सक्तीने समभागांत रूपांतरित होणाऱ्या रोख्यांत किंवा अग्रहक्क भागांत (प्रेफरन्स शेअर) घ्यावी. रूपांतर ऐच्छिक असेल, तर ती रक्कम परकीय कर्जाच्या नियमांखाली जाते. समभागांची किंमत सनदी लेखापाल किंवा सेबी या भांडवल बाजार नियामकाकडे नोंदलेला मर्चंट बँकर (भांडवल उभारणीचा सल्लागार) यांनी प्रमाणित केलेल्या रास्त मूल्यापेक्षा कमी असता कामा नये.

पैसे येण्यापूर्वीच तारखा कागदावर मांडाव्यात. रक्कम अधिकृत बँकेमार्फत यावी आणि खासगी वाटपासाठी, म्हणजे निवडक व्यक्तींनाच समभाग देण्यासाठी, स्वतंत्र खात्यात ठेवावी. रक्कम मिळाल्यापासून ६० दिवसांत समभागांचे वाटप करावे, अन्यथा त्यानंतरच्या १५ दिवसांत ती परत करावी लागते. वाटपानंतर १५ दिवसांत कंपनी निबंधकाकडे पीएएस-३ हे वाटपाचे विवरणपत्र दाखल करावे, आणि तोवर त्या पैशाला हात लावू नये; नव्या यंत्राची आगाऊ रक्कम देण्याची घाई नेमकी याच काळात होते. वाटपानंतर ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेच्या फर्म्स या परकीय गुंतवणुकीच्या पोर्टलवर एफसी-जीपीआर हा समभाग वाटपाची माहिती देणारा अर्ज भरावा, म्हणून बँकेकडून आवक रकमेचे प्रमाणपत्र आणि केवायसी (गुंतवणूकदाराची ओळख पडताळणी) अहवाल आधीच मागून ठेवावेत. उशीर झाल्यास विलंब शुल्क बसते. पुढे दरवर्षी १५ जुलैपर्यंत परकीय दायित्वे व मालमत्तांचे विवरणपत्र द्यावे लागते. त्या वर्षी नवी गुंतवणूक आली नसली, तरी जुनी शिल्लक असेपर्यंत ते चुकत नाही.

भागीदार बाहेर पडण्याची वेळ कधीतरी येते, त्याचाही विचार सहीपूर्वी करावा. समभाग परत विकण्याचा हक्क त्याला देता येतो, परंतु किमान एक वर्ष ते समभाग धरून ठेवणे आवश्यक असते आणि ठरावीक परताव्याची हमी देता येत नाही. भारतातील निवासी भागधारकाने ते विकत घेताना त्या वेळच्या रास्त मूल्यापेक्षा अधिक किंमत मोजता येत नाही. आराखडे, साचे आणि चाचणीची साधने त्यानंतरही वापरण्याचा कंपनीचा हक्क करारातील बाहेर पडण्याच्या कलमातच नोंदवावा, कारण सही झाल्यावर भागीदार तो देण्यास सहसा तयार होत नाही.