प्रोटीन स्किमर घेताय? खोक्यावरचा आकडा नको, पंप बघा

डाळीला उकळी आली की वर फेस येतो आणि तो आपण पळीने काढून टाकतो. खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रोटीन स्किमर हेच काम चोवीस तास करतो. विष्ठा आणि उरलेल्या खाण्यातून सुटणारी प्रथिनं, तेलकट द्रव्यं हवेच्या बारीक बुडबुड्यांना चिकटतात, बुडबुडे नळीतून वर चढतात आणि वरच्या कपात चहासारखं, घाण वासाचं पाणी साचतं. ही घाण कुजून तिचं अमोनिया आणि पुढे नायट्रेट होण्याआधीच बाहेर पडते. (गोड्या पाण्याच्या टाकीवाल्यांनी इथेच थांबावं. त्या पाण्यात बारीक बुडबुडे टिकत नाहीत, एकमेकांत मिसळून मोठे होतात.)

आधी ठरवा, स्किमर लागणार आहे का? साठ-सत्तर लिटरची टाकी आणि त्यात क्लाउनफिशची एक जोडी असेल, तर दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदला. स्किमरचे पैसे टाकीचं खारं पाणी बनवायच्या चांगल्या मिठावर खर्च करा.

टाकी मोठी असेल तर खरं पाणी मोजा. ९० × ४५ × ४५ सेंटिमीटरची टाकी काठोकाठ भरली तर १८२ लिटर. दगड-वाळूने अडवलेलं वजा करा, सम्पमधलं (म्हणजे खालच्या कॅबिनेटमधल्या जोडटाकीतलं) मिळवा, म्हणजे साधारण २०० लिटर धरा. खोक्यावर बहुधा दोन-तीन आकडे असतात: कमी मासे, मध्यम, जास्त मासे. दुकानदार त्यातला सगळ्यात मोठा वाचून दाखवतो. तुम्ही 'जास्त मासे' या रकान्यात २०० बसतात का ते बघा. आकडा एकच छापला असेल तर तो निम्मा धरावा, असं माझं मत. पण म्हणून थेट ८०० लिटरचं धूड आणू नका. छोट्या टाकीत त्याला पुरेशी घाणच मिळत नाही आणि फेस कपापर्यंत चढत नाही.

परदेशी व्हिडिओंतले मोठाले स्किमर बघून घाबरू नका. त्या व्हिडिओंतल्या बऱ्याच टाक्या दगडी प्रवाळांच्या असतात. आपल्याकडे ती प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत, त्यामुळे तो प्रश्नच मिटला. मासे त्यांच्यापेक्षा बरंच जास्त नायट्रेट सोसतात. बबल मॅगसच्या कर्व्ह मालिकेसारखा मध्यम किमतीचा चिनी स्किमर माशांच्या टाकीला पुरतो.

आता टेप घेऊन कॅबिनेटसमोर बसा. स्किमरची उंची मोजताना कप वर उचलून काढायला लागणारी जागाही धरा. लोक नेमकं हेच विसरतात. सम्पमध्ये पाण्याची खोली किती हवी तेही माहितीपत्रकात असतं, बहुतेकांना १५ ते २२ सेंटिमीटर लागते. ही पातळी स्थिर राहणाऱ्या कप्प्यातच स्किमर ठेवायचा. सम्प नसेल तर टाकीच्या मागे टांगायचा प्रकार घ्या.

खरी पारख पंपाची. पारदर्शक नळकांडं कुणीही बनवतं. बुडबुडे किती बारीक पडतात ते पंपाच्या इंपेलरवर, म्हणजे आत फिरणाऱ्या चक्रावर ठरतं. साध्या पात्यांऐवजी सुयांसारखे दात असलेलं चक्र हवं. नंतर विचारा: इंपेलर आणि रबरी रिंग सुटी मिळते का? 'मागवून देतो' हे उत्तर मी 'नाही' असंच समजतो. पंप कधी ना कधी बिघडणारच, तेव्हा एका सुट्या भागासाठी अख्खा स्किमर टाकून द्यावा लागला तर तो स्वस्त कसला? अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून मागवत असाल तर पंपावर २२०-२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ असं लिहिलेलं आहे ना ते बघा. तिथल्या ६० हर्ट्झच्या पंपाला नुसता ट्रान्सफॉर्मर लावून भागत नाही. विजेची फार काळजी नको: १० वॉटचा पंप महिनाभर अखंड चालला तरी सात युनिटच्या आसपास.

क्रॉफर्ड मार्केटमध्ये घ्या नाहीतर कुणाचा वापरलेला घ्या, पंप बादलीभर पाण्यात चालवून दाखवायला सांगा. खरखर आली तर चुंबकावर क्षार बसलेत किंवा दांडी तरी तुटली आहे. क्षार व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून निघतात, पण दांडी तुटली असेल तर सौदा सोडा. सांधे उजेडात धरून तडे तपासा.

घरी आणल्यावर पहिला आठवडा-दोन आठवडे स्किमर एकतर ढिम्म बसतो किंवा उतू जातो. नव्या प्लास्टिकवरचा तेलकट थर जाईपर्यंत असंच चालतं. माझा पहिला स्किमर रात्री लाइट जाऊन आल्यावर उतू गेला होता आणि सकाळी कपातली सगळी घाण परत सम्पमध्ये. तेव्हापासून सुरुवातीला स्किमरमधल्या पाण्याची पातळी खालीच ठेवतो आणि रोज थोडी थोडी वाढवतो. फेस नीट येऊ लागल्यावर दर तीन-चार दिवसांनी कप धुवायचा आणि नळीचा आतला चिकट थर जुन्या टूथब्रशने घासून काढायचा. साबण मात्र अजिबात लावू नका.