जुना कॉम्प्युटर हलका करायचाय? आधी त्याला ‘फास्ट’ करणारी सॉफ्टवेअरं काढा

नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत कुणाचा कॉम्प्युटर रडायला लागला की हाक मला येते. बघावं तर घड्याळाशेजारी आयकॉनांची रांग: एक क्लीनर, एक ड्रायव्हर अपडेटर (प्रिंटरसारखे भाग चालवणारे प्रोग्रॅम ताजे करतो म्हणणारा), एक रॅम बूस्टर आणि वर दोन अँटिव्हायरस. चार जीबी रॅमच्या मशीनवर ही सगळी मंडळी ठाण मांडून बसलेली. भीक नको पण कुत्रा आवर, अशी त्या बिचाऱ्याची गत.

काहीही काढण्याआधी डिस्कची तब्येत बघा. त्यासाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट आणि चोख सॉफ्टवेअर आहे. निळा ‘गुड’ दिसला तर पुढे चला. पिवळा ‘कॉशन’ दिसला तर सफाई, डीफ्रॅग (फाइलींची फेरमांडणी), चेकडिस्क (डिस्कची तपासणी-दुरुस्ती) सगळं राहू द्या. मरायला टेकलेल्या डिस्कला राबवलं की उरलेलंही जातं. आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या. घरात कुणी पूर्वी मराठी टायपिंग करत असेल तर विंडोजच्या ‘फाँट्स’ फोल्डरमधले जुने मराठी फाँटही उचला. ते राहिले तर युनिकोड ही आजची सर्वमान्य अक्षरपद्धत येण्याआधीचे मंडळाचे अहवाल नव्या मशीनवर अगम्य चिन्हांत उघडतात, आणि हे नेमकं कुणाच्या लक्षात येत नाही.

जागा मोकळी करायला विंडोजचंच ‘डिस्क क्लीनअप’ पुरतं. फक्त यादीत ‘डाउनलोड्स’समोर टिक असेल तर काढा, नाहीतर बँकेची स्टेटमेंटंही जातील.

आता खरी डोकेदुखी. क्लीनर आणि बूस्टर ‘अनइन्स्टॉल’ करणं सोपं, पण ते गेले असं समजू नका. दोन दिवसांनी ‘तुमच्या पीसीत शेकडो त्रुटी आहेत’ अशी खिडकी पुन्हा उघडते. टास्क मॅनेजरचा ‘स्टार्टअप’ टॅब बघितला तर तिथे काहीच नसतं. या प्रकाराने मलाही बराच काळ छळलं. कारण असं की हे प्रोग्रॅम ‘टास्क शेड्युलर’मध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) किंवा ‘सर्व्हिसेस’मध्ये (पडद्यामागे चालणारी कामं) आपली नोंद मागे सोडून जातात, आणि स्टार्टअप टॅब त्या नोंदी दाखवतच नाही.

इथे आपोआप चालू होणाऱ्या सगळ्या नोंदी दाखवणारं ‘ऑटोरन्स’ लागतं. ते मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं आहे, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्या. इतर साइटींवर हिरवीगार ‘डाउनलोड’ बटणं असतात, त्यातलं खरं कुठलं हे ओळखेपर्यंत नवा बूस्टर घरात आलेला असतो. उजवं क्लिक करून ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा, मग ऑप्शन्समधून ‘हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज’ लावा. हे न लावता कामाला लागाल तर शेकडो ओळींत हरवाल आणि विंडोजचीच एखादी गरजेची नोंद बंद करून बसाल.

मग फक्त तीन टॅब बघा: ‘लॉगऑन’, ‘शेड्युल्ड टास्क्स’ आणि ‘सर्व्हिसेस’. ओळखीच्या क्लीनरचं नाव दिसलं की डावीकडची टिक काढा. डिलीट करू नका, हे दोनदा वाचा. टिक काढलेली नोंद परत लावता येते, डिलीट केलेली येत नाही. एका वेळी एकच टिक काढा आणि रीस्टार्ट करा. घाई करून दहा टिका उडवल्या आणि मग प्रिंटर बंद पडला, तर तो कशामुळे हे शोधत बसावं लागतं. ऑडिओ, प्रिंटर, मराठी कीबोर्ड यांच्या नोंदी राहू द्या. ‘ड्रायव्हर्स’ टॅबकडे तर फिरकूच नका, तिथे चुकीची टिक गेली तर मशीन चालूच न होण्याचा धोका असतो. पिवळ्या ओळी म्हणजे ज्यांची फाइल सापडत नाही अशा नोंदी. त्या पुसण्यात लोकांना फार समाधान मिळतं, वेग मात्र तसूभरही वाढत नाही.

रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची वही; ती साफ करणाऱ्या रजिस्ट्री क्लीनरचंही तेच. खुद्द मायक्रोसॉफ्ट त्यांचा पुरस्कार करत नाही, तरी ‘रजिस्ट्री साफ केलीस का?’ विचारणारे काका प्रत्येक मजल्यावर आहेत. नामांकित क्लीनर घेतला म्हणजे निर्धास्त, असंही नाही. २०१७ मध्ये सीक्लीनरच्या ५.३३ या अधिकृत आवृत्तीतच हॅकरांनी मालवेअर घुसवलं होतं आणि ते वीस लाखांहून जास्त मशीनवर पोचलं.

अँटिव्हायरस एकच ठेवा. विंडोज १० वर त्याचा स्वतःचा डिफेंडर आहेच. मुदत संपलेला दुसरा, त्याच कंपनीच्या रिमूव्हल टूलने काढा. ड्रायव्हर अपडेटर नकोच, ते काम विंडोज अपडेट करतं. झिप फाइली उघडणारं सेव्हन-झिप आणि व्हिडिओ दाखवणारं व्हीएलसी खुशाल ठेवा.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरच्यांसाठीची वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत आणि त्यासाठी नोंदणी करावी लागते. विंडोज ११ जुन्या प्रोसेसरना अधिकृतपणे घेत नाही, तेव्हा फक्त ब्राउझर आणि मेल वापरणाऱ्यांनी विंडोजऐवजी लिनक्स मिंट या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमचा विचार करावा.

एवढं करूनही मशीन कण्हत असेल तर सॉफ्टवेअर शोधणं थांबवा आणि पैसे एसएसडी (चिपवर चालणारी वेगवान डिस्क) व रॅमवर घाला. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आली की जो फरक पडतो तो कुठल्याही बूस्टरच्या बापाला जमणार नाही. रॅम घेण्याआधी सीपीयू-झेड हे मशीनच्या भागांची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून ‘मेमरी’ आणि ‘एसपीडी’ या टॅबचे मोबाइलवर फोटो काढा आणि दुकानात तेच दाखवा. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या वेगळ्या पिढ्या; डीडीआर३ च्या खाचेत डीडीआर४ बसत नाही, आणि काही दुकानदार फोडलेलं पाकीट परत घेत नाहीत.