अतिदक्षता विभागातील क्लेबसिएला: प्रतिरोधाची जनुके कशी ओळखावीत

मेरोपेनेम या कार्बापेनेम गटातील प्रतिजैविकाला दाद न देणारा क्लेबसिएला न्यूमोनिए हा जीवाणू अतिदक्षता विभागातील तीन रुग्णांच्या रक्तात पाठोपाठ सापडला, तर प्रयोगशाळेसमोर दोन प्रश्न उभे राहतात. प्रतिरोध कोणत्या जनुकामुळे आला, हा पहिला. आणि तिघांत एकच वाण (जीवाणूचा एकच वंश) पसरला आहे की एकच प्लाझ्मिड (एका जीवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणारे डीएनएचे छोटे वर्तुळ) निरनिराळ्या वाणांत शिरले आहे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पीसीआरने (ठरावीक जनुकाच्या प्रती वाढवून ते ओळखणाऱ्या चाचणीने) एका दिवसात मिळते, दुसऱ्यासाठी संपूर्ण जीनोम, म्हणजे जीवाणूचा सगळा डीएनए, सिक्वेन्सिंगने वाचावा लागतो. आपल्याला कशाचे उत्तर हवे आहे हे ठरवल्याशिवाय नमुने सिक्वेन्सिंगला पाठवू नयेत.

शुद्ध कॉलनी मिळाल्याच्या दिवशीच तिचा काही भाग २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर जपून ठेवावा. प्रतिजैविक नसलेल्या माध्यमावर पुनःपुन्हा वाढवल्यास प्लाझ्मिड गळून जाऊ शकते आणि मग प्रतिरोधी म्हणून नोंदलेल्या जीवाणूत जनुकच सापडत नाही. १० मायक्रोग्रॅम मेरोपेनेमच्या चकतीभोवतीचे जीवाणू न वाढलेले वर्तुळ १९ मिमी किंवा त्याहून लहान असल्यास तो जीवाणू प्रतिरोधी धरतात. हा आकडा आणि एमआयसी (जीवाणूची वाढ थांबवणारे औषधाचे किमान प्रमाण) दोन्ही जनुकीय निकालाशेजारी नोंदवावेत, कारण जनुक असणे आणि औषध निष्प्रभ होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पीसीआरआधी मेरोपेनेमसारखी औषधे फोडणारे कार्बापेनेमेज हे विकर (एन्झाइम) खरोखर तयार होते का, हे एमसीआयएम चाचणीने पाहावे. १ मायक्रोलिटरच्या लूपभर जीवाणू २ मिली ट्रिप्टिक सोय ब्रॉथमध्ये मिसळून त्यात मेरोपेनेमची चकती ३५ अंशांवर ४ तास बुडवून ठेवावी. नंतर ती ई. कोलाय एटीसीसी २५९२२ पसरवलेल्या म्युलर-हिंटन प्लेटवर ठेवून दुसऱ्या दिवशी वर्तुळ मोजावे. १५ मिमीपर्यंतचे वर्तुळ म्हणजे औषध फोडले गेले आहे. १९ मिमी किंवा अधिक असल्यास चाचणी नकारात्मक. ईडीटीए (धातूचे आयन बांधून ठेवणारे रसायन) घालून केलेल्या जोडचाचणीत वर्तुळ ५ मिमी किंवा अधिक वाढले, तर विकर धातूवर अवलंबून, म्हणजे एनडीएमसारखे असते. मात्र आपल्याकडे एनडीएम आणि ऑक्सा-४८ गटातील विकर एकाच जीवाणूत सापडणे नवलाचे नाही. अशा वेळी ईडीटीएने एनडीएम थांबले तरी दुसरे विकर औषध फोडतच राहते आणि जोडचाचणी फसवते. म्हणून तिच्या नकारात्मक निकालावर एनडीएम नाकारू नये.

डीएनए मिळवण्यासाठी चार-पाच कॉलन्या शुद्ध पाण्यात मिसळून १० मिनिटे उकळाव्यात, सेंट्रिफ्यूज करून वरचे पाणी घ्यावे. पीसीआरसाठी एवढे पुरते. प्रचलित प्रायमर (हवे ते जनुक हेरणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरल्यास जेलवर एनडीएमचा पट्टा ६२१, केपीसी या आणखी एका कार्बापेनेमेजचा ७९८ आणि ऑक्सा-४८ गटाचा ४३८ बेसजोड्यांवर दिसतो. प्रत्येक खेपेला ज्ञात सकारात्मक वाण, डीएनएविरहित नळी आणि सर्व जीवाणूंत असणाऱ्या १६एस जनुकाची तपासणी ठेवावी. १६एसही दिसले नाही, तर त्या नळीच्या ‘नकारात्मक’ निकालाला काही अर्थ नाही. भारतात एनडीएम आणि ऑक्सा-४८ गट अधिक आढळतात, केपीसी तुलनेने कमी. त्यामुळे केवळ केपीसी शोधणारा परदेशी किट येथे फारसा उपयोगाचा नाही. एमसीआयएम आणि पीसीआर दोन्ही नकारात्मक येऊनही मेरोपेनेम चालत नसेल, तर ओम्पके३५ व ओम्पके३६ ही पोरिनची (औषध जीवाणूत शिरण्याच्या छिद्रांची) जनुके बिघडली आहेत का आणि जोडीला सीटीएक्स-एम (सेफॅलोस्पोरिन फोडणारे विकर) आहे का, हे पाहावे.

हा तपशील वॉर्डात लगेच लागतो. सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम हे जोडऔषध ऑक्सा-४८ गटावर चालते, एनडीएमवर नाही. एनडीएम असल्यास त्याला अ‍ॅझट्रिओनमची जोड द्यावी लागते, कारण एनडीएम ते औषध फोडत नाही आणि ते फोडणारी इतर विकरे अविबॅक्टम रोखते. कोलिस्टिन या राखीव प्रतिजैविकाच्या प्रतिरोधासाठी केवळ प्लाझ्मिडवरील एमसीआर जनुक शोधून थांबू नये. क्लेबसिएलात बहुधा गुणसूत्रावरील एमजीआरबी हे चिमुकले जनुक बिघडलेले असते आणि त्यात इन्सर्शन सिक्वेन्स (जागा बदलणारा डीएनएचा तुकडा) घुसला असेल, तर पीसीआरचा पट्टा अपेक्षेपेक्षा शेकडो बेसजोड्यांनी मोठा येतो.

प्रसाराचा प्रश्न आला की सिक्वेन्सिंगला पर्याय नाही. सुमारे ५५ लाख बेसजोड्यांच्या या जीनोमची किमान ५० पट खोली घ्यावी (प्रत्येक जागा सरासरी ५० वेळा वाचावी), आधी एमएलएसटीने सात जनुकांवरून वाण ठरवावा आणि मगच एसएनपी (डीएनएतील एकेका बेसचे फरक) मोजावेत. एसटी२३१ हा वाण भारतात अनेक ठिकाणी आढळतो, त्यामुळे दोन रुग्णांत तो सापडला एवढ्यावरून संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे गेला असे म्हणता येत नाही. एसएनपींतील अंतर आणि रुग्णांच्या खाटांच्या तारखा एकत्र वाचाव्या लागतात. इल्युमिना तंत्राने वाचलेले छोटे तुकडे डीएनएच्या पुनरावृत्त भागांवर तुटतात, म्हणून एनडीएम कोणत्या प्लाझ्मिडवर आहे हे सांगायचे असल्यास नॅनोपोअर या दुसऱ्या तंत्राचे लांब वाचन जोडावे. याउलट ऑक्सा-४८ गटातील ऑक्सा-२३२ बहुधा जेमतेम ६ हजार बेसजोड्यांच्या कोल-केपी३ प्लाझ्मिडवर असते. लांब तुकडे निवडणाऱ्या लायब्ररीत हे छोटे प्लाझ्मिडच हरवते, म्हणून तेथे दोन्ही वाचने लागतात. अहवालात जनुकाचा नेमका प्रकार, वाण, प्लाझ्मिड आणि वापरलेल्या माहितीसंचाची आवृत्ती लिहावी. प्लाझ्मिड पूर्ण जुळवता आले नसेल, तर तेही स्पष्ट लिहावे, म्हणजे संसर्ग नियंत्रण समिती त्या निकालावर नको तेवढी विसंबणार नाही.